बॉलकडे बघायचं नाही

हिवाळ्यात आपण ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून घरात येतो, बूट काढतो, चहाचं आधण ठेवतो, तेवढ्यात सिटीचा प्लाव येतो आणि रस्त्यावरचा बर्फ ढकलून आपल्याच दाराशी पुन्हा ढीग लावून जातो. आमच्या ऑफिसातल्या किश्शांचं तसंच आहे. एक सांगून संपवावा, तर दाराशी दुसरा येऊन पडलेला! म्हणून म्हटलं, बर्फ वितळलाय, आता हेही एकदा साफ करून टाकू.

मी बोलायला कच्चा आहे. समोर चार माणसं असली की माझा आवाज बसतो. लिहिताना समोर कुणी नसतं, त्यामुळे बरं वाटतं.

आमचं ऑफिस म्हणजे एका प्रोफेशनल फुटबॉल टीमचं स्काउटिंग. इथलं फुटबॉल हातानं खेळतात, हे एव्हाना तुम्हाला माहीत असेल. वसईच्या माझ्या काकांना ते अजून पटलेलं नाही. दर वसंतात विद्यापीठांतून खेळणारी मुलं सगळ्या टीमा आळीपाळीनं निवडून घेतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. आमच्या तिघांकडे त्यातलं एकच काम आहे. ऑफेन्सिव्ह लाइनमन शोधायचे. म्हणजे ती पाच धिप्पाड माणसं, जी शेजारी शेजारी उभी राहतात आणि मागे बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला कुणी हात लावू नये म्हणून समोरून येणाऱ्यांना अंगावर घेतात. बॉल घेऊन पळणं ह्यांच्या नशिबात नाही. टीव्हीवर ह्यांचं नाव येतं ते चूक झाली तरच.

आणि सगळ्यात लाजिरवाणी चूक म्हणजे हलणं. बॉल सुटायच्या आधी लाइनमन तसूभर जरी हलला तरी शिट्टी! टीम पाच यार्ड मागे. समोरचे त्याला हलवण्यासाठी वाट्टेल ते करतात. ओरडतात, दचकवतात, आईवरून बोलतात. ह्यानं दगडासारखं उभं राहायचं.

"हलायला कुणालाही येतं," आमचे डॉमनिक अंकल म्हणतात. "न हलणारा शोधायचा पगार मिळतो आपल्याला!"

*

डॉमनिक अंकल आमचे बॉस. वसईचे. विंडसरला शिकायला आले आणि अंगापिंडानं एवढे होते की कॉलेजच्या कोचनं त्यांना ॲडमिशनच्या रांगेतूनच उचललं. खेळताना मोडलेली त्यांच्या हाताची बोटं अजून चार दिशांना जातात. पत्ता विचारला आणि त्यांनी हात करून दाखवला, तर माणूस नक्की चुकतो.

आडनाव डिमेलो. त्यामुळे इथे सगळ्यांना ते पोर्तुगीज वाटतात. आमच्याकडे हेल्मेटं, पॅड सांभाळणारा मानुएल म्हणून एक म्हातारा आहे, तो खरा पोर्तुगीज. तो अंकलना पहिल्या दिवसापासून पोर्तुगीजमध्ये गप्पा मारायचा. अंकलना "मी वसईचा" हे सांगायला संकोच वाटला. ते दरवेळी मान हलवून "सीं, सीं" म्हणायचे. तेवढाच एक शब्द त्यांना येत होता. हो, हो.

एकदा मानुएल डोळ्यांत पाणी आणून बराच वेळ काहीतरी सांगत होता. अंकलनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मनापासून म्हणाले, "सीं, सीं!"

पुढच्या रविवारी अंकल टोरांटोच्या एका चर्चमध्ये सुटाबुटात उभे होते, आणि हातात मानुएलचा नातू! ते त्याचे गॉडफादर झाले होते.

"आडनावावरून माणसाचं गाव ठरवू नये रे," तेव्हापासून ते आम्हाला बजावतात. "कधी कुणाचं पोर पदरात पडेल, सांगता येत नाही!"

*

आता मी इथे कसा, ते सांगतो. मी चौदाव्या वर्षी वसईहून आलो. इथल्या शाळेत जीव रमला नाही, ग्रेड अकराला सोडली आणि मिल्टनच्या एका वेअरहाऊसमध्ये लागलो. चर्चच्या पिकनिकला फादरनी माझ्या हातात कॅमेरा दिला आणि म्हणाले, रस्सीखेचीचा व्हिडिओ काढ. आता लोकांच्या तोंडावर कॅमेरा धरायचा म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं. मी सगळा वेळ खाली मान घालून काढला.

नंतर हॉलमध्ये पडद्यावर व्हिडिओ लागला. पहिल्यापासून शेवटपर्यंत पाय! नुसते पाय! बायका ओरडायला लागल्या, "अरे, आम्ही कुठे आहोत ह्याच्यात?" मी वॉशरूमकडे पळायच्या बेतात होतो. तेवढ्यात मागून डॉमनिक अंकल उठले. एवढा मोठा माणूस उठला की हॉल गप्प होतो.

"पोरगा कुणाचा हा?" ते म्हणाले. "आयुष्यभर कॅमेरावाल्यांना सांगतोय, पाय दाखवा, पाय दाखवा! हा एकटाच सापडला!"

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी फिल्म काढतो आणि कापतो. माझ्या फिल्ममध्ये तोंड नसतं आणि आवाजही नसतो. म्हणून तर मला हे काम मानवलं.

*

तिसरा आमचा सौरभदादा. पुण्याचा इंजिनियर, राहतो रिचमंड हिलला, आमची सगळी आकडेमोड त्याच्याकडे. तो आला तेव्हा त्याला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्या दिवशी अंकलनी फिल्म लावली आणि विचारलं, "काय दिसलं?"

"सुंदर पास होता," सौरभदादा म्हणाला.

"बॉल बघितलास?"

"म्हणजे काय! फुटबॉल ना?"

"इथे बॉलकडे बघायचं नाही!" अंकल कडाडले. "बॉल बघायला बाहेर तीस हजार लोक आहेत. आपण लाइन बघायची."

सौरभदादानं शांतपणे चष्मा पुसला. "म्हणजे लग्नाला जायचं आणि नवरा-नवरीकडे न बघता मांडवाच्या खांबांकडे बघायचं. असंच ना?"

"करेक्ट! आणि खांब हलला की पळायचं!"

गंमत म्हणजे, त्या उन्हाळ्यात सौरभदादाच्या मेव्हणीचं लग्न होतं. बॅकयार्डात टेंट. हा मंगलाष्टकं चालू असताना खरोखरच खांब बघत बसला. डावीकडचा त्याला संशयास्पद वाटला, म्हणून उठून त्यानं त्याला खांद्यानं जरासं ढकलून पाहिलं.

बायको अजून विचारते, "ढकलायची काय गरज होती?"

तो म्हणतो, "इव्हॅल्युएशन!"

*

हसतोय खरं, पण यंदा सगळ्यांना काळजी होती. कारण डॉमनिक अंकलची खुर्ची. त्यांनी आधी निवडलेले दोन लाइनमन फुकट गेले होते, आणि दोष बिचाऱ्यांचा एकाचाही नव्हता.

पहिला प्रेअरीतला, म्हणजे क्षितिजापर्यंत शेतंच असलेल्या मुलखातला, शेतकऱ्याचा मुलगा. बैलासारखी ताकद. सीझनआधीच्या सरावाच्या कॅम्पला सगळे आले, हा नाही. अंकलनी घरी फोन लावला. वडील म्हणाले, "तो ट्रॅक्टरवर आहे. पेरणी चाललीय."

"मग कधी येईल?"

"एवढं शेत संपलं की. होल्ड करता का?"

अंकल म्हणाले, "किती मोठं आहे शेत?" वडिलांनी सांगितलं. अंकलनी फोन ठेवून दिला. तो मुलगा अजून शेतीच करतोय. दर नाताळला अंकलना मोहरीच्या तेलासारखं काहीतरी पाठवतो. अंकलची बायको, फिलोमिना आँटी, म्हणतात, चांगलं आहे तेल.

दुसऱ्याला अंकलनी निवडला तेव्हा तो दारात मावत नव्हता. नंतर त्याची गर्लफ्रेंड झाली, ती योगा शिकवणारी. तो व्हीगन झाला. कॅम्पच्या पहिल्या दिवशी एक सडपातळ, देखणा तरुण हसत हसत आला. अंकल म्हणाले, "कुरियर तिकडे रिसेप्शनला द्या." त्यानं टी-शर्ट वर केला. "कोच, मीच आहे! हे बघा, ॲब्ज!"

अंकल तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले. "लाइनमनला ॲब्ज!" ते कितीतरी वेळ म्हणत होते. "कशाला पाहिजेत? ट्रकला पैंजण कशाला पाहिजेत?"

मग आमच्या जनरल मॅनेजरनं त्यांना केबिनमध्ये बोलावलं. आत इंग्लिशमध्ये काय झालं, ते बाहेर येऊन अंकलनी आम्हाला मराठीत सांगितलं. "यंदाचा टिकला, तर मी आहे. नाहीतर आँटीबरोबर ग्रोसरीला जायला मोकळा."

आमची तोंडं पडली. अंकलनाच ते सहन होईना. "तिला ट्रॉली ढकलायला माणूस पाहिजेच आहे," ते म्हणाले.

*

बाहेर आम्ही तिघं मराठीत बोलतो, ही अंकलची युक्ती. ड्राफ्टच्या आधी सगळ्या टीमा एका हॉलमध्ये जमतात, मुलांना पळवतात, एकमेकांशी भिडवतात. तिथे दुसऱ्या टीमचे स्काउट बाजूला उभे राहून कान देतात. म्हणून मराठी.

मागे एकदा एका मुलाकडे बघून अंकल म्हणाले, "हा नुसता भोपळा आहे रे." म्हणजे शून्य. शाळेत मला गणितात मिळायचा तो.

शेजारी दुसऱ्या टीमचा ब्रॅड नावाचा स्काउट होता. त्यानं गुपचूप फोन पुढे करून त्याचं भाषांतर करून घेतलं. फोन म्हणाला, "He is a pumpkin." त्याला वाटलं, ही आमची सगळ्यात वरची ग्रेड! त्यांनी ड्राफ्टमध्ये आमच्या आधी झडप घालून तो भोपळा उचलला.

यंदा हॉलमध्ये शिरल्या शिरल्या ब्रॅडनं अंकलच्या खांद्यावर हात टाकला. डोळा मारून विचारलं, "सो डॉम, हू इज द पंपकिन धिस इयर?"

*

यंदा आमच्यासमोर दोघं होते. एक मॉन्ट्रियलचा मॅथ्यू, आणि एक विंडसरचा जॉर्डन परेरा.

मॅथ्यू सौरभदादाच्या आकड्यांत पहिला. अंकल त्याला मिल्टनला घरी जेवायला घेऊन आले. त्यांचं म्हणणं असं, की माणूस ताटावर कळतो. फिलोमिना आँटींनी तळलेले बोंबील केले होते. मॅथ्यूनं आवडीनं खाल्ले. आँटी पुन्हा वाढायला आल्या, तेव्हा तो हात आडवा करून हसला आणि त्याच्या फ्रेंचमध्ये म्हणाला, "से बों, से बों!"

म्हणजे पुरे, झालं.

आँटींचा चेहरा उजळला. "ऐकलंत? बोंबील म्हणतोय! नाव पण आलं लगेच!" आणि आणखी वाढले.

"से बों, मादाम!"

"हो रे बाबा, बोंबीलच! थांब, खाली आहेत अजून!" त्या बेसमेंटमधल्या फ्रीजरकडे पळाल्या.

मला कळत होतं, पण चालू जेवणात मध्येच बोलायचं म्हणजे माझ्या घशात बोंबील अडकल्यासारखं झालं. सौरभदादा हसू लपवायला टेबलाखाली चमचा शोधत होता. मॅथ्यूनं सगळे खाल्ले. फ्रीजर रिकामा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आमच्याकडे टेस्ट होती. तो पळाला, पण वॉशरूमकडे.

"गुणी पोरगा आहे," अंकल गंभीरपणे म्हणाले. "पण त्याला समोरच्याला थांबवता येत नाही. माझ्या बायकोला नाही अडवू शकला, तर बाकीच्यांना काय अडवणार?"

सौरभदादा म्हणाला, "अंकल, आँटींना तुम्ही तरी कधी अडवलंय?"

"म्हणून तर मी खेळणं सोडलं!"

*

मग आम्ही विंडसरला गेलो. जॉर्डन परेरा. वडील गाड्यांच्या कारखान्यात. गावात सगळे त्याला 'द पोर्तुगीज किड' म्हणायचे, त्याच्या एजंटनंही तसंच सांगितलं होतं. मोठा, गप्प, गोल तोंडाचा मुलगा.

अंकलना तो हलतो का ते बघायचं होतं. बाकीच्या पोरांबरोबर त्याला लाइनमध्ये वाकून उभं केलं आणि मला म्हणाले, "नेल्सन, तू ह्यांच्या मागे जाऊन जोरात ओरड. दचकव सगळ्यांना."

मी! मी मागे गेलो आणि बॉल सोडताना ओरडतात तसं "हट" म्हणालो. मलाच ऐकू आलं नाही.

"अरे मोठ्यानं!" अंकल म्हणाले.

"हट," मी म्हणालो.

"अरे, ओरड ना! सासरी आलायस काय?"

हेल्मेटच्या जाळीआड परेरा हसला, असं मला वाटलं. माझ्या आवाजाला हसला असणार. मला इतकी लाज वाटली की मी डोळे मिटले आणि होता नव्हता तेवढा जीव लावून किंचाळलो. तसा आवाज माझ्यातून कधी आला नव्हता. सगळी लाइन उडाली. कोच उडाला. सौरभदादाच्या हातातली कॉफी उडाली. खुद्द डॉमनिक अंकल दोन पावलं मागे गेले!

परेरा जागचा हलला नाही.

अंकल त्याच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. "तू बरा आहेस ना?" एवढंच म्हणाले.

*

त्याच दुपारी तिथल्याच एका छोट्या खोलीत त्याचा इंटरव्ह्यू घेतला. इंटरव्ह्यूतही अंकल मुद्दाम टोचून बोलतात, माणूस उसळतो का ते बघायला. परेराला इंग्लिशमध्ये खूप टोचलं. तुझी पावलं जड आहेत, तुझं कॉलेज हरतं, तू आळशी दिसतोस. तो प्रत्येक वेळी म्हणाला, "येस सर."

"यू आर पोर्तुगीज, हां?" अंकलनी विचारलं. "आमचा इक्विपमेंटवाला पोर्तुगीज आहे. जमेल तुमचं."

"लोक म्हणतात तसं, सर," तो इंग्लिशमध्ये म्हणाला.

अंकल आमच्याकडे वळले आणि नेहमीप्रमाणे मराठीत सुरू झाले. "तोंड बघ ह्याचं. पोस्टाची पेटी! काही टाकलं तरी आवाज नाही."

"आकड्यांत दुसरा आहे, अंकल," सौरभदादा म्हणाला.

"आणि केस बघ. ह्याची आई डोक्यावर टोप ठेवून कापते वाटतं!"

परेराचे कान लालबुंद झाले. अंकल मला म्हणाले, "नेल्सन, हीटर कमी कर, पोराला उकडतंय." मी उठून कमी केला.

मग अंकलनी ती चार दिशांची बोटं टेबलावर ठेवली आणि त्याच्याकडे बघून, पण स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "बाबा रे, तुला घेतला तर एवढंच कर. मी सांगेपर्यंत हलू नकोस. माझी खुर्ची आहे तुझ्यावर."

परेरानं समोरच्या भिंतीकडे बघत विचारलं, "सॉरी, सर?"

"नथिंग, सन. नथिंग."

*

ड्राफ्टची संध्याकाळ. जनरल मॅनेजर टेबलाच्या टोकाला, आम्ही तिघं एका बाजूला. आमची पाळी आली तेव्हा मॅथ्यू आणि परेरा दोघंही शिल्लक होते. घड्याळ चालू झालं.

सौरभदादानं स्क्रीन वळवून दाखवली. "आकडे मॅथ्यू म्हणतात," तो म्हणाला. मग अंकलकडे बघून मराठीत, "पण अंकल, बोंबील माझ्या आकड्यांत धरलेले नाहीत."

"डॉम?" जनरल मॅनेजर म्हणाला.

अंकलनी घसा खाकरला, स्क्रीनकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. एवढा मोठा माणूस, पण कपाळावर घाम. मग ते एकदम माझ्याकडे वळले. "नेल्सन, तू सांग. तू सगळ्यांचे पाय बघितलेस."

सगळं टेबल माझ्याकडे बघायला लागलं. माझा आवाज नेहमीप्रमाणे बसला. मी खाली मान घातली आणि कसंबसं इंग्लिशमध्ये म्हणालो, "परेरा. तो हलत नाही, सर."

"माझा फ्रिजही हलत नाही," जनरल मॅनेजर म्हणाला.

"तुझ्या फ्रिजपायी कधी पाच यार्ड मागे गेलायस?" अंकल म्हणाले. त्यांचा आवाज परत आला होता. "परेरा. माझं नाव लाव त्याच्यापुढे. चुकलो, तर त्याच दिवशी खुर्ची रिकामी करतो."

नाव गेलं. परत घ्यायची सोय नसते. जनरल मॅनेजरनं स्पीकर चालू करून विंडसरला फोन लावला आणि यंत्र अंकलच्या पुढ्यात सरकवलं. पलीकडे घरात बरीच माणसं असावीत, कुणीतरी हुंदके देत होतं. मग फोनवर नेहमीचा शांत आवाज आला. "येस सर?"

"जॉर्डन, सन, डॉमनिक डिमेलो बोलतोय," अंकल इंग्लिशमध्ये म्हणाले. "तुला आम्ही घेतलंय. तू आमचा झालास. काही विचारायचंय?"



मग तो आमच्या वसईच्या मराठीत म्हणाला, "एकच, अंकल. आता हलू का?"